तळमजल्याची मोरी

९ जून

आज पुन्हा वर आलं. भांडी घासून वळले तर मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडे काढत वर येत होतं. त्यात शेवया होत्या. आम्ही आज शेवया केल्या नव्हत्या.

पलीकडच्या खोलीत आत्या डायलिसिसची पिशवी लावून बसलेल्या. आधी त्यांचं दार ओढलं, खालच्या फटीत जुनी चादर कोंबली, मग बादली घेतली. त्या माझ्या सासू होण्याआधीपासून मी त्यांना आत्याच म्हणते. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यापासून दिवसातून चार वेळा पोटातल्या नळीवाटे औषधी पाणी आत सोडायचं, काही तासांनी ते काढून टाकायचं, पुन्हा नवीन भरायचं. खोली कोरडी हवी, पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क. सिस्टरनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, नळीतून जंतू गेला तर खेळ खल्लास. आणि इथं भिंतीच्या अल्याड मी दुसऱ्यांचा मैला उपसतेय.

मालकांना, म्हणजे जयसिंगरावांना फोन केला. ते वरच राहतात, पहिल्या मजल्यावर. "स्वल्प अडजस्ट करून घ्या अम्मा, उद्या माणूस पाठवतो. आपणच आपल्याला सांभाळायचं, नाही का?"

मी "बरं मामा" म्हणाले. मामा म्हणा, असं त्यांनीच सांगितलंय.

१३ जून

उद्या अखेर आज उजाडला. माणूस आला, गज घालून केसांचा एक गुंता काढला, "क्लीन आयतु", साफ झालं, म्हणून गेला. संध्याकाळी पुन्हा घोटाभर पाणी.

नवऱ्याला, योगीला म्हटलं, आता लिहून देऊया. तो बूट काढत म्हणाला, "बसवनगुडीत तळमजला, मटण शिजवायला हरकत नाही, पेशंट आहे म्हटलं तरी घर दिलं. का दिलं? या कानडी मुलखात आपण त्यांच्यासारखं मराठी बोलतो म्हणून. कुठं भांडत बसतेस?"

महादेवपुऱ्याहून यायला त्याला दोन दोन तास लागतात, हे मला कळतं. पण तो मोरीकडे बघतसुद्धा नाही. जेवतो आणि झोपतो.

मी दिवसभर कंपनीत लोकांच्या स्वयंपाकघरांचे नकाशे काढते. सिंक कुठं, पाइपाला उतार किती, सगळं कॉम्प्युटरवर सरळ रेघांत. घरी आल्यावर एक रेघ सरळ नाही. आज ऑफिसात नकाशा काढता काढता उठून चार वेळा नळाकडे जाऊन हात धुतले. हात स्वच्छच होते.

१५ जून

रविवार. मामा स्वतः खाली आले, नाकाला उपरणं लावून. मोरी बघितली, संडास बघितला, मग आत्यांच्या खोलीबाहेर रचलेली पिशव्यांची खोकी बघितली.

"हे पाणी कुठं टाकता?"

"संडासात. दवाखान्यात तसंच शिकवलंय."

"तेच तर. एवढं औषधाचं पाणी रोज रोज. जुना पाइप आहे अम्मा, माझ्या वडिलांनी घातलेला. साठ वर्षं काही झालं नाही. तुम्ही आल्यावरच हे सुरू झालं."

पोटातलं पाणी ते, पाण्यासारखंच पातळ, त्यानं पाइप तुंबतो होय? मी तसं बोलले, बहुतेक थोडं चढ्या आवाजात. मामा दुखावल्यासारखे झाले. "मी काय तुम्हाला जा म्हणतोय? स्वल्प विचार करा, एवढंच."

आत्या आतून ऐकत असणार, कारण मामा गेल्यावर म्हणाल्या, "म्हातारा मानूस हाय. त्येच्या बापाचं घर. तू आवाज चढवू नको पवी." त्यांना कुणीही दोन शब्द मराठीत बोललं की ते देवमाणूस वाटतं.

१६ जून

सकाळी उठले तर मोरी कोरडी, फरशी लख्ख. पाणी आपोआप ओसरलं असावं. योगी आंघोळ उरकून, डबा न घेताच निघालेला. नेहमीची घाई.

२४ जून

या आठवड्यात दोनदाच तुंबलं. मामांना तीन निरोप टाकले, उत्तर म्हणून हात जोडल्याचं चित्र आलं.

एक चांगली गोष्ट. पिशव्यांची नवीन खोकी आली, तरी जुन्यातली बरीच शिल्लक आहेत. कंपनीनं गेल्या खेपेला जास्त पाठवल्या वाटतं. ठेवायला जागा नाही, पण असू देत, अडीअडचणीला होतील.

आत्या हल्ली पाणी कमी पितात. विचारलं तर तहान नाही म्हणतात. सिस्टर सारखं सांगायच्या पाण्यावर लक्ष ठेवा, तेव्हा ऐकायच्या नाहीत. चला, एक तरी गोष्ट पटली.

३ जुलै

आत्यांची चप्पल पायात जाईना. योगीची मोठी चप्पल घालून अंगणात गेल्या. पाय सुजलेत. नक्की लोणच्यातलं मीठ. परवा बरणीत चमचा होता. मी बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली आणि जरा बोलले. त्या हसल्या फक्त. मग म्हणाल्या, "मी निपानीला जातो की थोडं दिवस. सुमीकडं."

"तिथं पिशव्या कोण आणून देणार? अंगणातल्या धुळीत कुठं लावणार?"

"जमतंय ग समदं."

गावाची, लेकीची आठवण येत असेल. पाऊस उघडला की दोन दिवस नेऊन आणू. आत्ता माझ्या डोक्यात मोरीशिवाय काही शिरत नाही. बसमध्ये, जेवताना, नकाशावर वाकलेली असताना, कानात तोच बुडबुड आवाज. रात्री पाठ टेकली की भिंतीतून काहीतरी खाली धावतं आणि मी उठून बसते. हे पाणी येतं कुठून? पाऊस नसतानाही येतं. आम्ही नळ सोडलेला नसतानाही येतं.

५ जुलै

आज जिन्याच्या तोंडाशी एक मुलगी भेटली, हातात उपम्यासारख्या शेवयांचा डबा. भव्या नाव. दावणगेऱ्याची, इथं नर्सिंग शिकते. तिसऱ्या मजल्यावर राहते म्हणाली. मी म्हटलं, तिसरा मजला तर गच्ची आहे. ती म्हणाली, "नाही अक्का, पीजी आहे, मुलींचं हॉस्टेलसारखं. आम्ही बाराजणी. उगादीपासून."

मी तिथंच उभी राहिले. बाराजणींची आंघोळ, बाराजणींचे कपडे, बाराजणींच्या शेवया. मागच्या गल्लीतून वेगळा लोखंडी जिना आहे, तो मी गॅस सिलिंडरवाल्यांसाठी समजत होते. आम्ही मार्चमध्ये आलो, उगादी म्हणजे आपला पाडवा, मार्चच्या शेवटी. आम्ही आल्यावरच हे सुरू झालं, अगदी बरोबर बोलले होते मामा.

पण नुसतं बोलून भागणार नाही. दाखवावं लागेल.

६ जुलै

भव्याला कपड्यांच्या निळीची बाटली दिली. दुपारी, सगळ्या जेवून आडव्या झाल्या असताना, तिनं ती वरच्या बाथरूममध्ये ओतायची आणि मागोमाग बादल्या सोडायच्या. ती घाबरत होती. "माझं नाव सांगू नका अक्का. खोली गेली तर परीक्षेच्या तोंडावर कुठं जाऊ?" नाही सांगणार, असं वचन दिलं.

मी मोबाइल धरून मोरीपाशी बसले. आधी नुसता गुरगुर आवाज. मग जाळीतून पाणी उचललं गेलं, आणि ते निळं होतं. गडद निळं, शाळेच्या शाईसारखं. आमच्या फरशीवर पसरत गेलं.

आत्या भिंत धरून दारापर्यंत आल्या. खूप वेळ बघत राहिल्या.

"म्हंजी ह्ये वरचं?"

"वरचंच. गच्चीवर बारा पोरी ठेवल्यात तुमच्या देवमाणसानं."

"माझं न्हवं?"

"तुमचं कसं असेल आत्या? सरका, व्हिडिओत सावली पडतेय."

त्या दाराच्या चौकटीला टेकून खाली बसल्या. मी तसेच फोटो घेत राहिले. इतक्या दिवसांनी आज प्रथमच बरं वाटतंय. योगीला सगळे फोटो पाठवले. त्यानं "बघितले" एवढंच लिहिलं.

७ जुलै

दवाखान्यात बसून लिहितेय.

सकाळी मामांकडे फोटो घेऊन जायचं म्हणून साडी नेसत होते. आत्यांनी हाक मारली ती हाकच वाटली नाही. पलंगावर बसून दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, तोंडानं श्वास. एक वाक्य तुटून तुटून येत होतं. शेजारच्या रिक्षावाल्या अण्णांनी आणलं, वाटेत एकही सिग्नल पाळला नाही. छातीत पाणी झालंय.

डॉक्टरांनी विचारलं, दिवसाला किती पिशव्या? चार, मीच उत्तर दिलं. त्यांनी आत्यांकडे बघितलं. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून आत्या म्हणाल्या, "तीन. कंदी दोन."

"किती दिवस?"

त्या माझ्याकडे बघेनात. "घर तुंबायलं हुतं," एवढंच म्हणाल्या.

९ जुलै

सरळ लिहून टाकते, नाहीतर डोकं फुटेल. मामा बोलून गेले त्या दिवसापासून दुपारची पिशवी त्यांनी बंद केली होती. मी ऑफिसात. कुणाला कळणार? आपल्या पोटातल्या पाण्यानं लोकांचं घर तुंबतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. पाणी कमी प्यायच्या ते त्यासाठी. निपाणीला जाते म्हणत होत्या ते त्यासाठी.

शिल्लक पिशव्या मी मोजल्या होत्या. मोजून खूश झाले होते. पाय सुजले तर लोणच्यावरून बोलले. निळं पाणी बघून त्या काय विचारत होत्या, आणि मी काय ऐकलं.

योगीला सांगितलं. तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला. मग उठून आत गेला आणि आईचे पाय चेपत राहिला. मला रागावला असता तर बरं झालं असतं.

१२ जुलै

आत्यांची सूज उतरतेय. डॉक्टर म्हणतात नळी वाचली, घरी जाता येईल, पण खोली कोरडीच हवी, यापुढे चुकायला जागा नाही.

म्हणजे त्यांना घेऊन जायचं कुठं, तर त्याच मोरीपाशी.

दवाखान्यातून सरळ चंदना मॅडमकडे गेले. वकील आहेत. गेल्या वर्षी त्यांचं स्वयंपाकघर मी काढलं होतं. त्यांनी करार वाचला, फोटो बघितले.

"तोंडी किती वेळा सांगितलंत?"

"मोजदाद नाही."

"मग एकदाही नाही सांगितलं, असं समजा. आता लेखी द्या. काय बिघडलंय, कधीपासून, घरात पेशंट आहे, पंधरा दिवसांत दुरुस्ती करा. रजिस्टर्ड पोस्टानं. नाही केली तर तुम्ही स्वतः करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. मोठी दुरुस्ती मालकाची, असं करारातच आहे तुमच्या. कायदाही तेच म्हणतो."

"भाडंच थांबवलं तर?"

"मुळीच नाही. भाडं थांबवलंत की दोषी तुम्ही. वेळेवर भरा, पावती घ्या. त्यांनी पाणी तोडलं, वीज तोडली तर मला फोन करा, तसं करता येत नाही त्यांना. मात्र एक ऐकून ठेवा. करार सप्टेंबरअखेर संपतो. पुढं तो वाढवायचा की नाही, ते त्यांच्या हातात."

म्हणजे जिंकले तरी घर जाणार. मी विचारलं, गच्चीवरच्या पीजीची महापालिकेत तक्रार केली तर? त्या म्हणाल्या, करू शकता, तुमचा हक्क आहे. पण बाराजणींना आठवड्यात बाहेर पडावं लागेल.

भव्याची परीक्षा आठवली. तक्रार नको, आणि पीजीचा उल्लेख नोटिशीतही नको म्हटलं. बरोबर केलं की नाही, माहीत नाही.

१३ जुलै

करार योगीच्या नावावर, म्हणून नोटिशीवर सही त्याची. वाटलं तो पुन्हा म्हणेल, कशाला भांडतेस. त्यानं पूर्ण वाचली, सही केली, आणि म्हणाला, "एक राहिलंय. पहाटे सगळ्यात जास्त येतं, ते घाल."

"तुला कसं माहीत?"

तो चष्मा पुसत बसला. बराच वेळ पुसला.

रोज पहाटे तो मोरी उपसत होता. मी उठायच्या आधी, रोज. आणि मी इथंच लिहिलंय की तो मोरीकडे बघत नाही.

१९ जुलै

नोटीस पोचली. मामा गेटपाशी थांबले होते, हातात पाकीट.

"तोंडानं मामा म्हणायचं आणि पोस्टानं नोटीस पाठवायची?"

मी म्हणाले, "मामा म्हणून सांगत होते तेव्हा तुम्ही ऐकलं नाहीत."

"आमची माणसं शहाजीराजांच्या वेळी आली या गावात. या घरात अजून कुणी वकिलाचं कागद आणलं नव्हतं. आणि तुम्ही, आपल्यातल्या."

निळ्या पाण्याचा फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "माझ्या वडिलांनी घातलेला पाइप आहे," एवढंच म्हणाले. मला वाटलं ते खोटं बोलतायत. आता वाटतं, त्यांना खरंच तसं वाटत असेल. वडिलांनी एका कुटुंबासाठी घातलेला पाइप कधी कमी पडेल, हे त्यांच्या मनात आलंच नसेल.

मी आत्यांचं सांगितलं. दवाखाना, छातीतलं पाणी, गाळलेल्या पिशव्या, आणि त्या का गाळल्या ते. पाकीट तसंच हातात धरून ते जिना चढले, मध्ये एकदा थांबून.

३ ऑगस्ट

मुदत संपली. उत्तर नाही, माणूस नाही. एवढे दिवस आत्यांना घेऊन योगी ऑफिसातल्या मित्राच्या घरी राहिला, मी इकडून तिकडं. लोकांच्या घरात आणखी किती दिवस?

नकाशा मीच काढला. आमच्या मोरीचं आणि संडासाचं पाणी वरून येणाऱ्या पाइपातून सोडवायचं आणि वेगळ्या पाइपानं थेट रस्त्याकडच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये न्यायचं. मग वरचं कितीही तुंबू दे, आमच्यात यायला वाट नाही.

६ ऑगस्ट

काल-आज अंगण खणलं. काल सकाळी पहिली पहार पडली तेव्हा मामा बाल्कनीत आले. मला वाटलं थांबवतील. मी नोटिशीची प्रत हातात धरून उभी राहिले. ते आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्या घरातून कामाच्या माणसांसाठी कॉफी आली. मला नाही.

आज दुपारी नवीन पाइप बसला. भव्यानं वरून बादल्या सोडल्या. आम्ही मोरीत वाकून बघत होतो. जाळी कोरडी.

योगी म्हणाला, "झालं." आणि तिथंच ओल्या मातीत बसला.

३१ ऑगस्ट

आत्या तीन आठवडे घरी. चार पिशव्या, एकही कमी नाही. दुपारी मी ऑफिसातून व्हिडिओ कॉल लावते. "आता पोलिसासारकी बघतीस," म्हणतात. बघते. झोप मात्र अजून लागत नाही. काहीच आवाज नसला तरी उठून मोरीवर हात फिरवून येते.

वळत्या केलेल्या खर्चाबद्दल मामांनी चकार शब्द काढला नाही. आज कागद आला. करार वाढवायचा नाही, तीस सप्टेंबरला घर रिकामं करावं. चंदना मॅडम म्हणाल्या, यात काही करता येणार नाही.

माझ्या हातांनी नीट केलेलं घर. रडू आलं नाही, नुसती आग होत राहिली.

१४ सप्टेंबर

जे. पी. नगरमध्ये घर मिळालं. मालकीणबाई कन्नड, नातं सांगत नाहीत, फार हसत नाहीत. मी आधी चेंबरचं झाकण उघडून मागितलं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण उघडून दिलं.

२१ सप्टेंबर

दुपारी मामा घर दाखवायला एका जोडप्याला घेऊन आले. तनय आणि यशश्री, पुण्याहून नुकतेच आलेले, तिचे दिवस भरत आलेले. आत्यांची पिशवी चालू होती म्हणून त्यांची खोली बंद. मामा उत्साहानं सांगत होते, "हे पण आपलेच लोक. मला मामा म्हणा. आणि पाइपलाइन अख्खी नवीन आहे, स्वल्पसुद्धा त्रास नाही."

मी खोकी बांधत होते. मान वर केली नाही.

यशश्रीनं मला हळूच विचारलं, "खरं सांगा ना ताई, प्लंबिंगचा काही इश्यू? इथं डिलिव्हरी होईपर्यंत तरी मला धावपळ नकोय."

काय सांगू? खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलले तर मामांची मान समोरच खाली जाईल. त्या कॉफीची, जिन्यावर थांबलेल्या पाठीची मला उगीच कणव येत होती. एवढ्यात आतून आत्यांचा आवाज आला.

"ए पोरी. तोंडाला पदर लाव आनि दारातनं बोल."

यशश्रीनं ओढणी नाकावर धरली, दार किलकिलं केलं. आत आत्या मास्क लावून बसलेल्या, एक पिशवी वर टांगलेली, एक खाली भरत असलेली. ती बिचकलीच.

"भिऊ नको. पानी हाय, सवच्छ हाय. तुजी मोरी आता तुंबायची न्हाई, आमच्या पवीनं पाइप घातलाय," आत्या म्हणाल्या. "म्हातारा वाईट न्हाई. पर तू त्येला मामा म्हन, आनि सगळं कागदावर लिहून घे. कोन दुरुस्त करनार, किती दिसात करनार, समदं. तोंडी काय ठिवू नको."

मामा खिडकीकडे वळून बाहेरच्या नवीन सिमेंटकडे बघत राहिले. मग घसा साफ करून म्हणाले, "सरी, बरं. लिहून देतो."

"आत्ताच सांगा," आत्या आतून म्हणाल्या. "ती लिहून घेतीय."

तनयनं मोबाइल काढला, आणि मामा एकेक शब्द थांबत थांबत सांगू लागले.